सीझरची हत्या : समर्थनाचा प्रश्न

१५ मार्च इ. स. पू. ४४ रोजी, पाँपीच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात, भर सिनेटमध्ये ज्युलियस सीझरची हत्या झाली. स्युटोनियसच्या मते कटात साठांहून अधिक व्यक्ती सामील होत्या. ही हत्या समर्थनीय होती काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शेक्सपिअरच्या नाटकाच्या अंगाने चर्चिला जातो. त्यामुळे ब्रूटसचे अंतर्द्वंद्व केंद्रस्थानी येते आणि प्रश्नाची वैधानिक बाजू दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात त्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

कटवाल्यांचा पक्ष वाटतो तितका दुर्बळ नव्हता. सर्वाधिकारी हे रोमन परंपरेत आणीबाणीपुरते, सहा महिन्यांच्या मुदतीचे पद होते. सुल्लाने ते मुदतीविना घेतले. पण पुढे स्वतःहून सोडलेही. सीझर मात्र इ. स. पू. ४४ च्या प्रारंभी आजीव सर्वाधिकारी झाला. फ्लावस व मरुलस या जनप्रतिनिधी ट्रिब्यूनांना त्याच्या प्रभावाने पदच्युत व्हावे लागले. म्हणजे त्याला सनदशीर मार्गाने दूर करण्याची सोयच उरली नव्हती. राजपदाची आकांक्षा धरणाऱ्याचा वध निर्दोष मानणारा कायदा प्रजासत्ताकाच्या आरंभीच झाला होता, असे रोमन परंपरा सांगत असे. सीझरने शत्रूंना क्षमा केली हे खरे. ब्रूटस व कॅशियस हे दोघेही फार्सेलसनंतर त्याच क्षमेचे लाभार्थी होते. परंतु नागरिकाचे जीवित एका व्यक्तीच्या दयेवर अवलंबून असणे, हाच तर आक्षेपाचा मुद्दा होता.

तथापि, या समर्थनाची खरी कसोटी १७ मार्चच्या सिनेट सभेत लागली. सीझर जुलमी सत्तापहारी ठरला, तर त्याची सर्व कृत्ये व नेमणुका आपोआप रद्दबातल ठरतात, हा मुद्दा अँटनीने चाणाक्षपणे पुढे केला. आता ब्रूटस व कॅशियस यांची त्या वर्षीची प्रेटरपदे सीझरच्या कृपेची होती. डेसिमस ब्रूटसला आल्प्सअलीकडील गॉल प्रांत त्यानेच नेमून दिला होता. सभेतील अनेकांची पदेही त्याच मुळाची. परिणामी सिसेरोच्या पाठिंब्याने तडजोड झाली : मारेकऱ्यांना अभय आणि सीझरच्या कृत्यांना मान्यता. एकाच ठरावाने वध निर्दोष ठरला आणि वधिताची सत्ताही वैध ठरली! प्रेत टायबर नदीत टाकावे, मालमत्ता जप्त करावी व कृत्ये रद्द करावीत, असा कटवाल्यांचा मूळ बेत असल्याचे स्युटोनियस नोंदवतो. अँटनी व लेपिडस यांच्या धाकाने तो सोडला गेला. तो बेत क्रूर होता, पण तर्काला धरून होता.

म्हणून, सीझर जुलमी होता किंवा नव्हता यापेक्षा मारेकऱ्यांनी स्वतःच्या आरोपाचे परिणाम स्वीकारले काय, हा प्रश्न मला अधिक निर्णायक वाटतो. त्यांनी ते स्वीकारले नाहीत. सिसेरोने या हत्येचे मनापासून स्वागत केले होते. तरीही जुलमी गेला आणि जुलूम उरला, अशी खंत त्याच्या त्या वर्षीच्या पत्रांतून वारंवार व्यक्त होते. पुढे अँटनीने लोकसभेच्या कायद्याने तोच गॉल प्रांत स्वतःकडे घेतला, तेव्हा डेसिमसने तो सोडण्यास नकार दिला. इ. स. पू. ४३ मधील मुटिनाचे युद्ध यातूनच उद्भवले. आणि त्या प्रांतावरील डेसिमसच्या हक्काचे मूळ सीझरच्याच नेमणुकीत होते.