छिलक्यांची साक्ष

१९२७ साली अमेरिकेतील फॉल्सम येथे नामशेष झालेल्या बायसनच्या बरगड्यांमध्ये भाल्याचे दगडी टोक सापडले. त्याच्या दोन्ही अंगांवर बुडापासून वर गेलेली उथळ पन्हळ आहे. ती एकाच लांब छिलक्याने काढायची असते आणि नेमके तेव्हाच टोक मोडते. डॉन क्रॅबट्री यांनी स्वतः अशी टोके घडवून त्यामागच्या संभाव्य रीती १९६६ मध्ये मांडल्या.

पन्हळीची टोके आपल्याकडची नव्हेत. ती फार तर तेरा हजार वर्षांपूर्वीची. चंद्रपूरच्या पापामियाँ टेकडीवरील पुराश्मयुगीन हत्यारे त्याहून कितीतरी जुनी. पण क्रॅबट्रींची वाट इथेही चालते. मी अंगणात ताडपत्री अंथरून, विकत आणलेल्या दगडावर नदीतल्या गोट्याने घाव घालून हातकुऱ्हाड घडवतो. आधी साल असलेले जाड छिलके निघतात, मग पातळ, शेवटी नखाएवढे. हत्यार एक, कचरा घमेलेभर! म्हणून एखाद्या जागी हत्यारे आहेत आणि सालीचे छिलके नाहीत, तर ती बाहेरून घडवून आणलेली असू शकतात. (बारीक छिलके पुरात वाहून जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते.)

हौशी मंडळी टेकडीवरून देखणे हत्यार तेवढे उचलतात. त्याची जागा आणि शेजारचे छिलके यांच्याशी असलेला संबंध तिथेच तुटतो. तो कोणत्याही संग्रहात पुन्हा जोडता येत नाही. माझ्या छिलक्यांचाही उद्या कुणाला घोळ होईल. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीवर रंगाने साल लिहितो आणि कचरा पुरताना खड्ड्यात चालू सालाचे नाणे टाकतो.