चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातू

चुंबकीय क्षेत्रात मोठा आकारबदल दाखविणाऱ्या मिश्रधातू. चुंबकनाने लोखंडाची लांबी बदलते, हे जे. पी. जूल यांनी १८४२ मध्ये दाखविले. परंतु हा बदल लाखात एकदोन भागांइतकाच असतो. फ्रिट्स हॉइस्लर यांनी १९०३ मध्ये तांबे, मँगॅनीज व ॲल्युमिनियम या लोहचुंबकीय नसलेल्या धातूंपासून लोहचुंबकीय मिश्रधातू बनविली. याच कुलातील निकेल-मँगॅनीज-गॅलियम मिश्रधातू थंड होताना तिची घनीय प्रावस्था मार्टेन्साइट प्रावस्थेत रूपांतरित होते व तीत यमल स्फटिक निर्माण होतात. क्षेत्रामुळे यमलांच्या सीमा सरकून लांबी बदलते. के. उल्लाक्को व त्यांचे सहकारी यांना १९९६ मध्ये ०·२% विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) मिळाली; २००२ पर्यंत एकस्फटिकात ती सु. ९·५% झाली. बहुस्फटिकी मिश्रधातूत मात्र शेजारचे कण एकमेकांस अडवितात आणि ती ठिसूळही असते. म्हणून तिचे कण बहुवारिकात बसवून संमिश्रे बनविण्यात आली. त्यांत विकृती घटते, परंतु कंपने चांगली शोषली जातात.