कोर्लई: दीपगृहाच्या आधी लागणारं गाव

अलिबाग-मुरूड हा आपल्या आयटीवाल्यांचा ठरलेला वीकएंड रूट. सकाळी निघायचं, काशिदला पाण्यात डुंबायचं, दुपारी सुरमई थाळी, मग जंजिरा आणि रात्री उशिरा घरी. ह्या रस्त्यावर रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक लांबुळकी टेकडी दिसते. टेकडीवर कोर्लईचा किल्ला, पायथ्याला समुद्राच्या बाजूला दीपगृह. वेळ असला तर मंडळी तिथे वाट वाकडी करतात, दीपगृह बघतात, शेजारच्या पायऱ्यांनी किल्ल्यावर जातात आणि परत फिरतात.

ह्या सगळ्यात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे दीपगृहाकडे जाताना लागणारं कोर्लई गाव. कारण ह्या गावातली सगळ्यात जुनी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, कानांनी ऐकावी लागते.

पण आधी थोडा इतिहास. इथलं मूळ बंदर कोर्लई नव्हे, खाडीपलीकडचं चौल. 'पेरिप्लस' ह्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात 'सेमिल्ला' नावाचं बंदर येतं, ते हेच चौल मानलं जातं. कान्हेरीच्या शिलालेखांत ते 'चेमुल' होतं, अरब प्रवाशांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन इथेच उतरला. वास्को द गामा भारतात यायच्या पंचवीसेक वर्षं आधी, बरं का!

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना चांगलाच दणका दिला. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो ह्या लढाईत मारला गेला. तरी ते चिवट. अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी मिळवून १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घालून बघितला, पण किल्ला पडला नाही. मग निजामशाहीने समोरच्या टेकडीवर, म्हणजे कोर्लईला, तटबंदी उभी केली. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तीही घेतली. आता खाडीचं तोंड दोन किल्ल्यांच्या तोफांमध्ये सापडलं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा घातला, तेव्हाही ते टिकलं. शेवटी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती आले.

पुस्तकातला धडा इथे संपतो. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते.

पोर्तुगीज गेले म्हणजे नक्की कोण गेलं? अधिकारी, सैनिक, पैसेवाले. जे गरीब होते, ज्यांचे आई-बाप इथल्याच मातीतले होते आणि दोन-चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले होते, ते कुठे जाणार? ते खाडी ओलांडून कोर्लईच्या टेकडीखाली राहिले. धर्म वेगळा म्हणून आजूबाजूच्या हिंदू गावांशी सोयरीक नाही आणि जात वेगळी म्हणून वरच्या थरातल्या ख्रिस्त्यांशीही नाही. लग्नं आपसातच. त्यामुळे चौलच्या कोटात सोजिरांच्या, गुलामांच्या आणि स्थानिक बायकांच्या तोंडी घडलेली पोर्तुगीज बोली ह्या एका गावात अडकून राहिली. आजही ती घराघरात बोलतात. बोलणारे लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारी माणसं किती? हजाराच्या आत. आपल्या एखाद्या टेक पार्कच्या कँटीनमध्ये ह्याहून जास्त लोक एका वेळी जेवत असतात!

क्लॅन्सी क्लेमंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ह्या बोलीचा सविस्तर अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीसारखी होत गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, इथे ते सरकत सरकत मराठीसारखं वाक्याच्या शेवटी आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी लिस्बनची, पण कंपायलर कोकणातला. त्यामुळे ह्या लोकांना 'मागे राहिलेले पोर्तुगीज' म्हणणं मला साफ चूक वाटतं. हे इथलेच लोक आणि ही भाषाही इथेच बनलेली.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? थंडीत ह्या भागात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, हवं तर मसाला लावलेलं चिकन. तेल नाही, पाणी नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. अगदी अस्सल गावरान प्रकार! आता त्यातला बटाटा बघा. पीक दक्षिण अमेरिकेतलं, शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मसाल्यातली मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि आलं. पाव, काजू, अननस, कोबी हे शब्द पोर्तुगीज. हापूस आणि पायरी ही आंब्यांची नावंसुद्धा. चावी, बादली, घमेलं, लिलाव, तुरुंग, मिस्त्री तिकडचेच. आणि ज्याची आपण महिनाभर वाट बघतो तो पगारही! म्हणजे कोर्लईकरांनी पोर्तुगीज शब्द घेऊन मराठी वळण दिलं, आपण मराठीत पोर्तुगीज शब्द मुरवले. फरक फक्त प्रमाणाचा.

मग ही भाषा टिकेल का? वसई-मुंबईच्या पट्ट्यातही एके काळी अशी बोली होती, ती गेली. कोचीची पोर्तुगीज बोली अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस २०१० मध्ये वारला. कोर्लईची टिकली ती गाव एका कोपऱ्यात होतं म्हणून. आता पूल आहे, मराठी-इंग्रजी शाळा आहेत, नोकऱ्या मुंबईत आहेत. आणि ह्यात वाईट काय? ज्या एकटेपणाने भाषा जपली त्याच एकटेपणाने माणसांना गरीबही ठेवलं होतं. मी स्वतः नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलो. 'तुम्ही मात्र भाषेसाठी इथेच राहा' हे त्यांना सांगायचा मला काय अधिकार?

दीपगृहाचं बरं असतं. प्रत्येकाच्या झोतांचा ठेका वेगळा ठरवलेला असतो, त्यावरून खलाशी ओळखतो की हे अमुक ठिकाण. आज जीपीएस असूनही सरकार हे दिवे चालू ठेवतं, त्यासाठी आधी १९२७ चा कायदा होता, आता २०२१ चा आहे. बोलीसाठी असं खातं नाही. ती घरातल्या आईने मुलाशी बोलायचं ठरवलं तरच पुढे जाते.

तेव्हा पुढच्या वेळी दीपगृह जरूर बघा, किल्लाही चढा. फक्त गावातून जाताना गाडीची काच खाली करा आणि गाणी बंद ठेवा. दारात गप्पा मारणाऱ्या बायकांचं बोलणं ओळखीच्या चालीचं वाटेल, पण कळणार नाही. हरकत नाही. तटबंदीवर शोधायला निघालेला इतिहास तो हाच.