मनिला व विजयदुर्ग : दोन आरमारांचा अंत

ता. १ मे १८९८ रोजीं मनिलाच्या उपसागरांत अमेरिकेच्या कमोडोर ड्यूई ह्यानें ॲडमिरल मोंतोहो ह्याचें स्पॅनिश आरमार अर्ध्या दिवसांत बुडविलें. स्पॅनिश जहाजें जुनीं होतीं हें खरें. पण तीं काविते येथील तोफांच्या आसऱ्यास नांगरून राहिलीं होतीं, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

असाच प्रसंग १४२ वर्षांपूर्वीं कोंकणांत घडला होता. ता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं ॲडमिरल वॉटसन ह्यानें विजयदुर्गावर मारा केला. तुळाजी आंग्रे तेव्हां तहाच्या बोलण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत होता. त्याचीं जहाजें किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस जखडलेलीं होतीं. पूर्वीं इंग्रजांपासून जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली व सर्व आरमार भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला.

दोहोंत भेद मोठा आहे. स्पेनवर परका शत्रु आपण होऊन चालून आला. विजयदुर्गावर इंग्रजांस पेशव्यांनींच बोलाविलें. मार्च १७५५ च्या करारान्वयें किल्ला पेशव्यांस मिळावयाचा होता. परंतु ऑक्टोबर १७५६ च्या तहापर्यंत इंग्रजांनीं तो सोडला नाहीं, आणि त्या तहानें बाणकोट मात्र त्यांनीं कायमचें मिळविलें.

तुळाजी उद्दाम होता, हें नाकारतां येत नाहीं. तथापि त्यास शासन करण्याच्या भरांत जळालें तें एकट्या तुळाजीचें धन नव्हतें. पुढें धुळपांनीं विजयदुर्गास पेशव्यांचें आरमार राखिलें. पण इंग्रजांस समुद्रावर धाक वाटावा असें बळ मराठ्यांस पुन्हां लाभलें नाहीं.