अल्गोरिदम-चित्रण
अल्गोरिदम-चित्रण : एखादे उदाहरण सोडविताना संगणक ज्या क्रिया क्रमाने करतो, त्या हलत्या चित्रांच्या रूपाने दाखविण्याची अध्यापनपद्धती. संगणकाच्या स्मृतीतील स्थित्यंतरे अदृश्य असतात. फळ्यावर ती दाखवायची तर शिक्षकाला प्रत्येक पायरीस आधीची आकृती पुसून नवी काढावी लागते. ही अडचण या पद्धतीच्या मुळाशी आहे.

बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील केनेथ नोल्टन यांनी १९६६ मध्ये एल्-६ या भाषेची ओळख करून देणारा चित्रपट संगणकाच्याच साहाय्याने तयार केला. तथापि पद्धतीला खरा लौकिक मिळाला तो टोराँटो विद्यापीठात रॉनल्ड बेकर यांनी निर्मिलेल्या ‘सॉर्टिंग आउट सॉर्टिंग’ (१९८१) या अर्ध्या तासाच्या चित्रपटामुळे. त्यात क्रमवारी लावण्याच्या नऊ रीती आहेत. अखेरीस त्यांची शर्यत लागते. प्रत्येक संख्या म्हणजे एक ठिपका. आरंभी ठिपक्यांचा ढग दिसतो आणि क्रम लागला की त्याची तिरपी रेषा होते. क्विकसॉर्टची रेषा चटकन पूर्ण होते, तेव्हा शेजारशेजारच्या संख्यांची अदलाबदल करणाऱ्या बबल सॉर्टचा ढग जेमतेम हललेला असतो. दोहोंच्या वेगांतील जे अंतर गणिती सूत्रात कोरडे वाटते, ते येथे नजरेत भरते.

चित्रपट मात्र सर्वांना एकच उदाहरण दाखवितो. ब्राउन विद्यापीठात मार्क ब्राउन व रॉबर्ट सेज्विक यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या ‘बाल्सा’ प्रणालीत विद्यार्थी स्वतः चित्रण चालवू, थांबवू शकत असे. पुढे तेथेच जॉन स्टॅस्को यांनी ‘टँगो’ ही प्रणाली रचली.

चित्र पाहून विषय समजतो, हे प्रारंभी गृहीतच धरले गेले होते. स्टॅस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याची परीक्षा घेतली. एका गटाला केवळ मजकूर व दुसऱ्याला मजकुरासह चित्रण दिले असता दोन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रणाली रचणाऱ्यानेच हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, ही उल्लेखनीय गोष्ट होय. विषय जाणणाऱ्याला चित्रातील हालचालींचा अर्थ लागतो, नवशिक्याला मात्र आधी चित्राची भाषाच शिकावी लागते, असे त्याचे एक स्पष्टीकरण देण्यात येते. क्रिस्टोफर हंडहॉसेन, सेरा डग्लस व स्टॅस्को यांनी २००२ मध्ये २४ प्रयोगांचा आढावा घेतला. चित्रात काय दाखविले यापेक्षा विद्यार्थी त्याचा उपयोग कसा करतो, यावर फलित अधिक अवलंबून असते, असे त्यांना दिसून आले. त्यामुळे पुढची पायरी विद्यार्थ्याने आधी सांगणे, स्वतःची उदाहरणे घालून पाहणे किंवा स्वतः चित्रण रचणे यांवर नंतरच्या अध्यापनात भर देण्यात आला. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिज्युअल्गो’मध्ये चित्रणांच्या जोडीला आपोआप तपासली जाणारी प्रश्नावलीही आहे.