रातांधळेपणाची दुसरी गोष्ट

रातांधळेपणा म्हटलं की मराठी घरात पहिलं उत्तर येतं ते गाजराचं. मग पपई, शेवग्याचा पाला, आणि घर मांसाहारी असेल तर कलेजी. हे उत्तर चुकीचं नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की अंधुक उजेडात दिसेनासं होतं, आणि एकेकाळी आपल्याकडे कितीतरी लहान मुलांचे डोळे त्यापायी कायमचे गेले. म्हणून १९७० साली केंद्र सरकारने पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा दोन लाख युनिटचा डोस पाजायला सुरुवात केली.

पण रातांधळेपणाचं आणखी एक कारण आहे आणि ते गाजराने थांबत नाही. त्याचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा, थोडक्यात आरपी. हा आजार जनुकांतून येतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो. जगभरचा ढोबळ अंदाज चार हजारांत एक असा आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगराची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती. म्हणजे या शहरात आरपी असलेली हजाराहून जास्त माणसं असावीत. मी त्यांतला एक. हा लेख मात्र माझ्यापेक्षा, अशी माणसं एकमेकांपर्यंत कशी पोहोचली याबद्दल आहे.

नाव मिळालं, उपाय नाही

१८५१ पर्यंत जगातल्या कुठल्याही डॉक्टरला जिवंत माणसाचं दृष्टिपटल नीट बघता येत नव्हतं. त्या वर्षी हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप लोकांसमोर आणला आणि डोळ्याचा मागचा पडदा पहिल्यांदा उजेडात आला. काही रुग्णांच्या पडद्यावर काळे, कोळ्याच्या पायांसारखे डाग दिसले. डच डॉक्टर डाँडर्स यांनी याच दशकात त्या आजाराला आजचं नाव दिलं. ‘आयटिस’ म्हणजे दाह. खरं तर या आजाराचं मूळ दाहात नाही, पण चुकीचं नाव तसंच चिकटून राहिलं.

आत घडतं ते असं. पडद्याच्या कडेला अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी असतात. आधी त्या मरतात, म्हणून आधी रात्र जाते. मग बाजूचं दिसणं जातं आणि नजर एखाद्या नळीतून बघावं तशी होते. मधली नजर बहुतेकांची बरीच वर्षं टिकते. त्यामुळे सकाळी वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्या माणसाला संध्याकाळी जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही.

ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे डॉक्टरला आजार दिसायला लागला. रुग्णाच्या हाती फक्त नाव पडलं.

ना इकडचे, ना तिकडचे

आपल्याकडच्या संस्थांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट ध्यानात येते. पुण्यात अंध मुलांसाठीची संस्था १९३४ मध्ये उभी राहिली, ती कोरेगाव पार्क आणि कोथरूडच्या शाळा आजही चालवते. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाली. पुणे अंधजन मंडळही त्याच वर्षीचं. ब्रेल, कामाचं प्रशिक्षण, रोजगार असं मोठं काम या संस्थांनी केलं. दुसरीकडे १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर होता, आणि तो रास्तही होता, कारण एका शस्त्रक्रियेने माणसाची नजर परत येत होती. पुढे पुणे अंधजन मंडळाने महंमदवाडीत एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय उभारलं. अंधांच्या संस्थेने डोळे वाचवणारं रुग्णालय चालवावं, ही मला या शहराची फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणजे सोयी दोन प्रकारच्या झाल्या. ज्यांची नजर गेलेली आहे त्यांच्यासाठी शाळा आणि प्रशिक्षण, ज्यांची परत येऊ शकते त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया. ज्याची नजर आज आहे, उद्या थोडी कमी असेल आणि परत येणार नाही, तो या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला. त्याला ब्रेल शिकायला लवकर होतं आणि ऑपरेशनला काही नव्हतं.

ही फट मनाला फार लागते. माणूस गेला की तेरा दिवस असतात, लोक भेटायला येतात, रडायची मुभा असते. हळूहळू जाणाऱ्या नजरेला तेरावा नाही. दुःख हप्त्याहप्त्याने येतं, ईएमआयसारखं, आणि कर्ज किती वर्षांचं आहे ते बँक सांगत नाही. मला चोविसाव्या वर्षी निदान झालं. पहिला मोठा हप्ता होता स्कूटर. पुण्यात दुचाकी सोडणं म्हणजे नुसतं वाहन सोडणं नव्हे. मित्रांनी रात्री अकराला ‘चल, सिंहगड रोडला भुर्जी खाऊ’ म्हटल्यावर आपण आपले निघणं, आईला दवाखान्यात नेणं, कुणाला न विचारता घराबाहेर पडणं, हे सगळं त्या किल्लीबरोबर जातं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं

ही फट भरायला रुग्णच पुढे आले. अमेरिकेतल्या गॉर्डन गंड यांचं उदाहरण घेऊ. कॉलेजात आइस हॉकी खेळलेला, नौदलात काम केलेला हा माणूस १९७० मध्ये, तिशीच्या सुरुवातीलाच, आरपीमुळे पूर्ण अंध झाला. उपचाराच्या आशेने तो सोव्हिएत संघातल्या ओडेसापर्यंत जाऊन आला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन माणसाने तिथे जाणं ही साधी गोष्ट नव्हती, पण उपयोग झाला नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून गावोगावच्या वैद्यांकडे आणि ‘हमखास’ औषधांकडे धावणारी आपली माणसं आठवली की हा प्रवास परका वाटत नाही. परतल्यावर १९७१ मध्ये त्याने, पत्नी लुली आणि बेन बर्मन यांच्यासारख्या पालकांसोबत एक संस्था काढली. बर्मन यांच्या दोन मुलींना आरपी होता. हीच आजची ‘फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस’. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्ण एकत्र आले आणि १९७८ मध्ये हेलसिंकीत निरनिराळ्या देशांच्या अशा संघटनांनी हात मिळवले. संशोधनाला पैसा हवा हे तर खरंच, पण त्याआधी दुसरं कुणीतरी आहे हे कळायला हवं होतं.

आपल्याकडचं उदाहरण महाबळेश्वरचं आहे. गोंदियाच्या भावेश भाटिया यांचं दृष्टिपटल लहानपणापासून निकामी होत होतं आणि विशीच्या सुरुवातीला नजर पूर्ण गेली. मुंबईत नॅबमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले. महाबळेश्वरच्या बाजारात त्यांनी गाडीवर मेणबत्त्या विकल्या आणि १९९४ मध्ये ‘सनराईज कँडल्स’ सुरू झाली. त्यांच्या यशाच्या गोष्टी मोबाइलवर खूप फिरतात. मला त्यातला वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. त्यांच्याकडचे कामगार बहुतांश अंध आहेत आणि अंध माणसांना शिकवणं हाही तिथल्या कामाचा भाग आहे. वितळलेल्या मेणाचा अंदाज हाताने आणि कानाने कसा घ्यायचा, हे डोळस माणूस पुस्तकातून सांगेल. ज्याने स्वतःचे हात पोळून घेतलेत त्याचं सांगणं वेगळं असतं.

सभेत काय होतं

आमचा गट छोटा आहे. महिन्यातून एकदा पेठेतल्या एका हॉलमध्ये, दिवसाउजेडी संपेल अशा बेताने भेटतो. तिथे प्रेरणादायी भाषणं होत नाहीत. चहा होतो आणि बारीकसारीक गोष्टी होतात.

उदाहरणार्थ, नसलेली चित्रं दिसणं. १७६० मध्ये शार्ल बॉने या स्विस विद्वानाने आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं होतं. नजर कमी झालेल्या त्या एकोणनव्वद वर्षांच्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसत आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना नीट ठाऊक असे. डोळ्यांकडून माहिती कमी यायला लागली की मेंदू रिकामी जागा भरतो, इतकंच. पण आपल्या घरांत हे बोलायचं कसं? एक तर वेड लागलं म्हणतील, नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारा लावतील. आमच्यातल्या एका ताईंनी ही गोष्ट चार वर्षं नवऱ्यापासूनही लपवली होती. सभेत दुसऱ्या कुणी सहज म्हटलं, ‘मला जाळीच्या खिडक्या दिसतात’, आणि ताई हसत-रडत बोलायला लागल्या.

दुसरी गोष्ट काठी. बँकेतून निवृत्त झालेले एक काका मला म्हणाले, ‘काठी गरज पडायच्या आधी घे. गरज पडल्यावर घेशील तर रडत घेशील.’ अडचण लोकांच्या नजरेचीही आहे. बसमध्ये हातात पांढरी काठी असलेला मुलगा मोबाइल वाचताना दिसला की तो ढोंगी ठरतो. नळीएवढी नजर अक्षरं वाचू शकते, समोरचा दुभाजक टिपू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे मोजमाप स्पष्ट आहे: दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. कायद्याला कळलेलं बसमधल्या लोकांना कळायला वेळ लागेल. तोवर काय उत्तर द्यायचं, ते काका शिकवतात.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याची. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहायला घेतला. त्याचा जोडीदार जेम्स टे हाही अंध, दोघं लहानपणी एका संगीत शिबिरात भेटले होते. असे प्रोग्रॅम तेव्हा फार महाग होते, म्हणून त्यांनी हा फुकट ठेवला. तो मराठीही वाचतो. मी त्याचा कोड उघडून वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की नजर गेली तरी माझं काम जाणार नाही. असा धीर मला कुठल्या समुपदेशनातून आला नव्हता.

आशा कुठे ठेवायची

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारांवरच्या पहिल्या जनुकीय उपचाराला, लक्सटर्नाला, मान्यता मिळाली. त्यामागच्या संशोधनात रुग्णसंघटनांचा पैसा आणि चिकाटीही आहे. पण तो आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषावर चालतो. बहुतेकांचा दोष दुसऱ्याच कुठल्यातरी जनुकात असतो. दोन्ही डोळ्यांची किंमत होती साडेआठ लाख डॉलर. बातमी आली की अजूनही गटात मेसेजांचा पाऊस पडतो, आणि काका शांतपणे विचारतात, ‘कुठल्या जनुकाचं आहे? बघून सांगा.’

आशा सोडायची नाही, पण तिच्यावर घर बांधायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. औषध आलं तर घेऊच. दरम्यान जगायचं कसं, याचं उत्तर औषधापेक्षा जुनं आहे: त्याच रस्त्याने आपल्यापुढे दहा वर्षं चालत असलेला माणूस शोधायचा.

पुढच्या महिन्यात इंजिनिअरिंगचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा येणार आहे. निदान होऊन तीन आठवडे झालेत. त्याचे वडील फोनवर विचारत होते, गाजरं चालू ठेवायची का. मी म्हटलं, खाऊ द्या हो, आवडत असतील तर. आणि त्याला घेऊन या.