फिशटँकचं पाणी: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका

निफाड-दिंडोरीकडे आता खेड्यातल्या घरांतही फिशटँक दिसतो. पाणी काचेसारखं, तरी मासे मरतात. कारण असतं अमोनिया, तो डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत असंच होतं. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून नव्या टँकमध्ये आधी दोन-तीनच मासे सोडा.

ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्या नळाखाली स्पंज धुतला की जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नवं पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवूनच घाला. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका.

आपल्याकडे खरी अडचण लाइटची. फिल्टर बंद असेपर्यंत खाद्य देऊ नका, टँकचंच पाणी मगाने वरून ओतत राहा म्हणजे हवा मिसळते. बराच वेळ लाइट नसेल तर आल्यावर आधी स्पंज पिळा, मग फिल्टर लावा.

आणि द्राक्षबागेत बोर्डो फवारून आल्यावर तसेच हात टँकमध्ये घालू नका. मोरचुदातलं तांबं माशांना थोडंही बाधतं.